इंजिनांच्या सामन्यात घड्याळाने गमावलेले डाव : कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

दोन बुद्धिबळ इंजिनांचा, म्हणजे स्वतः बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामांचा, सामना रात्रभर चालवल्यानंतर सकाळी आधी गुणतक्ता पाहू नये. आधी प्रत्येक डाव कशाने संपला ते पाहावे. गेल्या मे महिन्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत चाललेल्या अशाच एका सामन्याची फाइल मी अजून जपून ठेवली आहे. त्यातल्या एका डावात पांढऱ्याकडे हत्ती आणि दोन जादा प्यादी होती, इंजिनाचे स्वतःचे मूल्यमापन +६.१ (म्हणजे सुमारे सहा प्याद्यांइतकी आघाडी) होते आणि १२७ व्या चालीवर घड्याळात ९ मिलिसेकंद उरले होते. इंजिनाने आपल्या नोंदीत लिहिले की या चालीला १ मिलिसेकंद लागला. सामना चालवणाऱ्या प्रोग्रामने लिहिले की १२ मिलिसेकंद लागले. जिंकलेला डाव ३ मिलिसेकंदांनी गेला आणि गुणतक्त्यात तो इतर कोणत्याही पराभवासारखाच दिसत होता.

असे डाव थोडेच असतात म्हणून सोडून देण्याची सवय अनेकांना असते, परंतु ती महागात पडते. एक हजार डावांच्या सामन्यात एका इंजिनाने केवळ २ टक्के डाव, म्हणजे २० डाव, घड्याळाने गमावले आणि ते एरवी बरोबरीत सुटले असते असे धरले, तरी त्याचे १० गुण जातात. तुल्यबळ इंजिनांमध्ये १ टक्का गुणांचा फरक म्हणजे सुमारे ७ एलो (खेळाची ताकद मोजण्याचे गुणांकन) होतात. इंजिन सुधारणारे लोक दोन-तीन एलोंच्या सुधारणेसाठी हजारो डाव खेळवतात, हे लक्षात घेतले तर ७ एलोंची ही गळती किती मोठी आहे ते कळते. म्हणूनच माझे ठाम मत असे आहे की घड्याळाने गेलेला डाव हा बुद्धिबळाचा निकाल न मानता यंत्रणेतील बिघाडाची सूचना मानावी आणि तो बिघाड सापडेपर्यंत सामन्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

नाशिकमध्ये बुद्धिबळाची गोडी जुनी आहे, ग्रँडमास्टर विदित गुजराथी याच शहराचे, आणि आता महाविद्यालयात शिकणारी मुले केवळ इंजिनाकडून डाव तपासून घेऊन थांबत नाहीत, तर स्वतःचे छोटे इंजिन लिहून ते दुसऱ्यांच्या इंजिनांशी खेळवून पाहतात. पुढील माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एका डावात दोन घड्याळे असतात

क्यूट चेस किंवा अरेना यांसारखा जो प्रोग्राम दोन इंजिनांना समोरासमोर बसवतो, त्यांना चाली कळवतो आणि वेळ मोजतो, त्याला या लेखात मी पंच म्हणेन. २००० साली रुडॉल्फ हूबर आणि स्टेफान मायर-काहलेन यांनी मांडलेल्या यूसीआय या संकेतप्रणालीत पंच प्रत्येक चालीच्या वेळी इंजिनाला ‘गो’ अशी आज्ञा पाठवतो आणि तिच्याबरोबर पांढऱ्याचा उरलेला वेळ, काळ्याचा उरलेला वेळ, दोघांना प्रत्येक चालीमागे मिळणारा वाढीव वेळ आणि लागू असेल तर पुढच्या टप्प्यापर्यंत उरलेल्या चालींची संख्या, असे सगळे कळवतो. हे सर्व वेळ मिलिसेकंदांत असतात. इंजिन विचार करते आणि ‘बेस्टमूव्ह’ या शब्दाने चाल परत पाठवते. आज्ञा पाठवल्याच्या क्षणापासून चाल हाती पडेपर्यंतचा सगळा काळ पंच इंजिनाच्या नावावर लिहितो.

इंजिनाचे घड्याळ मात्र आज्ञा वाचल्यानंतर सुरू होते आणि चाल लिहून झाली की थांबते. आज्ञा पोहोचायला लागलेला वेळ, इंजिनाला प्रोसेसर मिळेपर्यंतची प्रतीक्षा आणि उत्तर पंचाच्या हाती पडेपर्यंतचा विलंब, यांतले इंजिनाला काहीच दिसत नाही. मोकळ्या यंत्रावर हा फरक एखाद्या मिलिसेकंदाहून कमी असतो. गर्दी झालेल्या यंत्रावर तो दहा, वीस किंवा त्याहूनही अधिक मिलिसेकंदांवर जातो. वेळेच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या फरकात आहे. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे तो फरक मोजणे. पंचाकडून संपूर्ण संवादाची नोंद फाइलमध्ये घ्यावी, इंजिनाने चालीपूर्वी दिलेल्या शेवटच्या माहितीच्या ओळीतील वेळ आणि पंचाने त्याच चालीपुढे लिहिलेला वेळ शेजारी-शेजारी मांडावेत आणि वजाबाकी करावी. दोन-तीनशे चालींची वजाबाकी डोळ्यांसमोर आली की अंदाज बांधण्याची गरजच राहत नाही.

यूसीआयऐवजी जुन्या विनबोर्ड संकेतप्रणालीच्या पद्धतीची इंजिने वापरणाऱ्यांनी एक वेगळी काळजी घ्यावी. त्या पद्धतीत उरलेला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत कळवला जातो. दोन्ही पद्धती समजणारे इंजिन लिहिताना एके ठिकाणी हजाराने आणि दुसऱ्या ठिकाणी शंभराने भागायचे राहून गेले, तर इंजिन आपल्याजवळ असलेल्या वेळेच्या दहापट वेळ आहे असे समजते आणि पहिल्या काही चालींतच घड्याळ संपवते; उलट चूक झाली तर ते दहावा भाग वेळ वापरून घाईघाईने खेळते आणि हरले तरी घड्याळाने हरत नाही, त्यामुळे ती चूक महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. डाव संपल्यावर दोन्ही बाजूंच्या घड्याळात किती वेळ शिल्लक राहिला ते पाहिले, तर ही दुसरी चूक लगेच पकडता येते.

वेळमर्यादेची निवड

माणसांच्या स्पर्धांतून आलेली पद्धत म्हणजे ठरावीक चालींना ठरावीक वेळ. १९९७ साली गॅरी कास्पारोव्ह आणि डीप ब्लू हा संगणक यांच्या सामन्यात पहिल्या ४० चालींना दोन तास, अशी मर्यादा होती. इंजिनांसाठी ही पद्धत चालते, मात्र ४० व्या चालीला पंच ‘आता एकच चाल उरली आहे’ असे कळवतो आणि कच्चे इंजिन उरलेल्या वेळाला १ ने भागून सगळाच्या सगळा वेळ त्या एका चालीवर खर्च करते. हिशेबाने ते बरोबर असते. फक्त त्यात चाल परत पाठवायला एक मिलिसेकंदही शिल्लक राहत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे पूर्ण डावाला एकच ठरलेला वेळ, वाढीव काही नाही. माझा वर सांगितलेला सामना याच पद्धतीचा होता : प्रत्येक बाजूला संपूर्ण डावासाठी १० सेकंद. ही निवड चुकीची का, ते एका साध्या गणिताने दाखवता येते. समजा, इंजिन प्रत्येक चालीला उरलेल्या वेळाचा चाळिसावा भाग वापरते. उरलेल्याचा ठरावीक भागच वापरल्यामुळे कागदावर त्याचा वेळ कधीच संपत नाही. २०० चालींनंतरही सुमारे ६३ मिलिसेकंद शिल्लक राहतात. आता प्रत्येक चालीमागे इंजिनाला न दिसणारा ५ मिलिसेकंदांचा विलंब धरला, तर हेच घड्याळ सुमारे १५५ व्या चालीला संपते. विलंब १० मिलिसेकंद असेल तर सुमारे १२९ व्या चालीला संपते. माझा डाव १२७ व्या चालीला गेला होता. वजाबाकी केली तेव्हा विलंबही दहा मिलिसेकंदांच्या आसपासच निघाला, आणि हे गणित मला तेव्हापासून पाठ झाले आहे. यात आणखी एक अन्याय दडलेला आहे : लांबलेले डाव बहुधा एका बाजूची थोडीशी सरशी असलेले असतात, त्यामुळे जिंकण्यासाठी शंभर चाली झटणारे इंजिनच अशा मर्यादेत बळी पडते.

तिसरी पद्धत प्रत्येक चालीला समान, ठरलेला वेळ देण्याची. ती समजायला सोपी आहे, परंतु तिच्यात इंजिनाचे वेळेचे नियोजन पूर्णपणे बाजूला पडते. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडने आपले अल्फाझीरो आणि स्टॉकफिश या दोन इंजिनांच्या १०० डावांचा निकाल प्रसिद्ध केला, तेव्हा प्रत्येक चालीला एक मिनिट अशीच मर्यादा होती. अल्फाझीरोने २८ डाव जिंकले, ७२ बरोबरीत सुटले, एकही गमावला नाही. तरीही स्टॉकफिशच्या मूळ लेखकांपैकी टोर्ड रोमस्टाड यांनी या मर्यादेवर जाहीरपणे आक्षेप घेतला, कारण कठीण जागी जास्त आणि सोप्या जागी कमी वेळ देण्यावर स्टॉकफिशमध्ये बरीच मेहनत घेतलेली होती आणि ती या सामन्यात वापरलीच गेली नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या निबंधात प्रत्येक डावाला तीन तास आणि प्रत्येक चालीमागे १५ सेकंद, अशी मर्यादा ठेवून १००० डाव खेळवले गेले. त्यांत अल्फाझीरोने १५५ जिंकले आणि ६ गमावले. विजेता तोच राहिला, परंतु पहिल्या निकालावर घेतलेला आक्षेप योग्यच होता असे मला वाटते. वेळेचे नियोजन हा इंजिनाच्या खेळाचाच भाग आहे.

घरच्या सामन्यासाठी माझी शिफारस चौथ्या पद्धतीची आहे : थोडा मूळ वेळ आणि प्रत्येक चालीमागे वाढीव वेळ, म्हणजे ज्या पद्धतीच्या घड्याळाचे पेटंट बॉबी फिशर यांना १९८९ साली मिळाले तीच. स्टॉकफिशच्या चाचण्या ज्या फिशटेस्ट यंत्रणेवर चालतात, तेथे १० सेकंद अधिक ०.१ सेकंद ही छोटी आणि ६० सेकंद अधिक ०.६ सेकंद ही मोठी मर्यादा वापरली जाते, आणि या दोन्हींत वाढीव वेळ मूळ वेळाच्या शंभराव्या भागाइतका आहे. १०+०.१ या मर्यादेत ६० चालींच्या डावात प्रत्येक बाजूला १६ सेकंद मिळतात, म्हणजे डाव जास्तीत जास्त ३२ सेकंद चालतो. एका वेळी तीन डाव चालवले तर १००० डाव साधारण तीन तासांत होतात. याउलट १५ मिनिटे अधिक १० सेकंद अशी भारदस्त मर्यादा ठेवली, तर असाच डाव ५० मिनिटांपर्यंत जातो आणि एका रात्रीच्या दहा तासांत बाराच डाव पदरात पडतात. बारा डावांवरून दोन तुल्यबळ इंजिनांविषयी काहीही सांगता येत नाही.

वाढीव वेळ चाल झाल्यानंतर घड्याळात जमा होतो, हे मात्र इंजिन लिहिणाऱ्याने विसरू नये. घड्याळात ४० मिलिसेकंद उरले आहेत आणि वाढीव वेळ १०० मिलिसेकंद आहे, म्हणून या चालीला १०० मिलिसेकंद वापरता येतील, असे समजणारी इंजिने मी पाहिली आहेत. या चालीसाठी हातात ४० च आहेत.

कोणत्या चालीवर डाव गेला, यावरून रोग ओळखावा

घड्याळाने गेलेल्या सर्व डावांची यादी करून प्रत्येकापुढे चालीचा क्रमांक आणि पंचाने नोंदवलेली घटका, म्हणजे डाव संपला ती वेळ, लिहावी. एवढ्यावरूनच बहुतेक वेळा कारण कळते.

डाव पहिल्याच चालीवर गेला असेल, तर इंजिन तयार होण्यापूर्वीच घड्याळ सुरू झाले असे समजावे. लीलासारखे न्यूरल नेटवर्कवर चालणारे इंजिन जाळ्याची मोठी फाइल ग्राफिक्स कार्डावर चढवते आणि त्याला काही सेकंद लागू शकतात. मोठा हॅश (तपासलेल्या स्थिती साठवण्यासाठी राखलेली मेमरी) कोरा करण्यालाही वेळ लागतो. अशी सर्व कामे इंजिनाने ‘इझरेडी’ या प्रश्नाला ‘रेडीओके’ असे उत्तर देण्यापूर्वी उरकली पाहिजेत आणि पंचाने त्या उत्तराची वाट पाहिली पाहिजे. प्रत्येक डावासाठी इंजिन नव्याने सुरू करण्याची सोय पंचात चालू असेल, तर ती बंद करून पाहावे.

डाव ४० व्या चालीवर गेला असेल, तर वर सांगितलेली ‘एकच चाल उरली’ ही चूक तपासावी. शंभराव्या चालीनंतरच्या पराभवांचे कारण बहुधा वाढीव वेळाचा अभाव किंवा विलंबासाठी राखलेला अपुरा वेळ हे असते. सहा-सात मोहरी उरल्यावर, मग चालीचा क्रमांक काहीही असो, डाव जात असतील तर संशय सिझिजी टेबलबेसवर, म्हणजे थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींचे अचूक निकाल साठवलेल्या फाइलींवर, घ्यावा : सहा मोहऱ्यांपर्यंतचा संच सुमारे १५० जीबी भरतो, तो फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ठेवला असेल तर प्रत्येक नव्या वाचनाला काही मिलिसेकंद जातात आणि इंजिन एका चालीत अशी शेकडो वाचने करते. संच एसएसडीवर हलवावा, अथवा पाच मोहऱ्यांचा सुमारे १ जीबीचा संच वापरून समाधान मानावे. खेळाच्या ताकदीत पडणारा फरक अगदी लहान असतो.

आणि पराभव वेगवेगळ्या चालींवर, परंतु एकाच घटकेला, दोन्ही इंजिनांच्या वाट्याला आले असतील, तर दोष इंजिनांत मुळीच नाही. त्या घटकेला यंत्रावर दुसरे काहीतरी चालले होते : अँटिव्हायरसची तपासणी, अद्ययावतीकरण, बॅकअप किंवा लॅपटॉप झोपी जाणे. लॅपटॉप झोपला की दोन्ही इंजिने थांबतात, घड्याळ मात्र पुढे सरकलेले असते आणि ज्याची पाळी होती ते इंजिन जागे होताच हरते.

यादीवरून काही स्पष्ट झाले नाही, तर एक निर्णायक चाचणी आहे. एकच इंजिन, त्याच सेटिंगसह, स्वतःशीच १०० डाव खेळवावे; त्यासाठी स्टॉकफिशसारखे वेळेच्या बाबतीत भरवशाचे इंजिन घ्यावे. ते स्वतःशी खेळतानाही घड्याळाने हरत असेल, तर दोष यंत्राचा किंवा पंचाच्या मांडणीचा आहे. ते सुरळीत खेळले आणि आपले इंजिनच हरत राहिले, तर मर्यादा दहापट करून पाहावी. दहापट वेळेत पराभव नाहीसे झाले तर विलंबासाठी राखलेला वेळ कमी पडत होता. तितक्याच प्रमाणात टिकून राहिले तर इंजिनाच्या हिशेबातच चूक आहे.

यंत्राची तयारी

माझ्या त्या सामन्याचे खरे कारण सांगतो. चार कोअरच्या लॅपटॉपवर मी एका वेळी आठ डाव लावले होते, कारण विंडोज मला आठ प्रोसेसर दाखवत होते. त्यांतले चार खरे कोअर होते आणि बाकीचे चार त्यांच्याच वाटण्या होत्या. सगळे आठही व्यापलेले असताना पंचाला स्वतःला प्रोसेसर मिळण्यासाठी थांबावे लागत होते आणि तो थांबलेला काळ इंजिनाच्या खात्यावर जात होता. हिशेब असा ठेवावा : एकाच वेळी चालणाऱ्या डावांची संख्या गुणिले प्रत्येक इंजिनाचे थ्रेड (एकाच वेळी चालणारे विचाराचे धागे), हा गुणाकार खऱ्या कोअरच्या संख्येपेक्षा किमान एकाने कमी असावा. चार कोअर असतील तर एका थ्रेडचे तीन डाव. प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करण्याची, म्हणजे पॉन्डरिंगची सोय चालू असेल तर दोन्ही इंजिने सतत राबतात, म्हणून गुणाकार दुप्पट धरावा. घरच्या सामन्यात ती सोय बंद ठेवणेच बरे.

मेमरीचा हिशेबही असाच करावा, कारण तो कोणी करत नाही. चार डाव, प्रत्येकात दोन इंजिने आणि प्रत्येकी १ जीबी हॅश म्हणजे ८ जीबी झाले. ८ जीबीच्या लॅपटॉपवर मग मेमरी डिस्कवर सांडू लागते आणि मधूनच एखादी चाल सेकंदभर अडकते. १०+०.१ या मर्यादेला १६ किंवा ३२ एमबी हॅश पुरेसा आहे.

उष्णतेकडे नाशिककरांनी विशेष लक्ष द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत येथे दुपारचे तापमान चाळिशीच्या घरात जाते आणि बंद खोलीतील लॅपटॉप पहिल्या अर्ध्या तासातच गरम होऊन आपला वेग कमी करतो. वेग कमी झाल्याने इंजिन थेट घड्याळाने हरत नाही, कारण ते घड्याळ पाहूनच खेळते. परंतु बहुतेक इंजिने प्रत्येक स्थितीनंतर घड्याळ न पाहता ठरावीक स्थिती तपासून झाल्यावर पाहतात. दर ४०९६ स्थितींनंतर घड्याळ पाहणारे इंजिन सेकंदाला दहा लाख स्थिती तपासत असेल, तर त्याचे घड्याळ सुमारे ४ मिलिसेकंदांनी पाहिले जाते; वेग तीन लाखांवर उतरला की तेच अंतर १४ मिलिसेकंदांच्या जवळ जाते. थंड यंत्रावर पुरेसा वाटणारा राखीव वेळ दुपारी दोन वाजता कमी पडतो, तो असा. लांबलचक सामने मी आता डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी राखून ठेवतो, जेव्हा येथील थंडी पंख्याचे काम फुकटात करते. उन्हाळ्यात चालवायचाच असेल तर लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर, मागची बाजू उचलून ठेवावा, डावांची संख्या एकाने कमी करावी आणि मोजणी सुरू करण्यापूर्वी वीस मिनिटे यंत्र तापू द्यावे, म्हणजे पहिला आणि शेवटचा डाव सारख्याच वेगाने खेळला जाईल. प्रत्येक सुरुवात दोन्ही रंगांनी लागोपाठ खेळवावी. मग वेग बदलला तरी तो दोघांच्या वाट्याला सारखाच येतो.

वळवाच्या पावसाआधी वीज जाते, तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि सामना थांबत नाही, परंतु बॅटरीवर जाताच यंत्र वीज वाचवण्यासाठी वेग उतरवते. पॉवर प्लॅनमध्ये बॅटरीसाठीही कमाल कार्यक्षमतेची निवड करावी, झोपेची वेळ ‘कधीही नाही’ ठेवावी, आणि वीज गेल्यावर झालेले डाव वेगळे ओळखता यावेत म्हणून पंचाला प्रत्येक डावाची वेळ नोंदवायला सांगावे.

विंडोजचा एक जुना गुणधर्मही ठाऊक असावा. त्याच्या घड्याळाचा मूळ ठोका सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा आहे. साध्या पद्धतीने वेळ विचारणाऱ्या किंवा काही मिलिसेकंद थांबण्याची विनंती करणाऱ्या प्रोग्रामला त्याहून बारीक उत्तर मिळत नाही. ०.१ सेकंदाच्या वाढीव वेळात १५ मिलिसेकंद हा मोठा हिस्सा आहे.

राखीव वेळ किती ठेवावा

बहुतेक इंजिनांत या विलंबासाठी एक पर्याय असतो. स्टॉकफिशमध्ये त्याचे नाव ‘मूव्ह ओव्हरहेड’ असून मूळ मूल्य १० मिलिसेकंद आणि कमाल ५००० आहे. लीलाचे मूळ मूल्य २०० मिलिसेकंद आहे. योग्य आकडा काढण्यासाठी सुरुवातीला सांगितलेली वजाबाकी वापरावी. सरासरी घेऊ नये. सर्वांत वाईट फरक घ्यावा, कारण डाव एकाच वाईट चालीने जातो. नेहमीचा फरक २ आणि सर्वांत वाईट २० मिलिसेकंद निघाला, तर ४० ठेवावेत. मात्र सर्वांत वाईट फरक ५० निघाला, तर १०० राखीव ठेवून ०.१ सेकंद वाढीव वेळाचा सामना खेळवण्यात अर्थ नाही, कारण राखीव वेळच सगळी वाढ खाऊन टाकतो. अशा वेळी यंत्रावरची गर्दी कमी करावी किंवा मर्यादा वाढवावी. वाढीव वेळ राखीव वेळाच्या चार-पाच पट तरी असावा, असा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे.

क्यूट चेसमध्ये पंचाच्या बाजूनेही सवलत देता येते : ठरावीक मिलिसेकंदांपर्यंत वेळ ओलांडली तरी डाव हरला असे धरले जात नाही. ही सवलत निदानासाठी उत्तम आहे. ती मोठी ठेवून शंभर डाव खेळवावेत, म्हणजे डाव मध्येच न तुटता कोणत्या इंजिनाने किती वेळा आणि किती वेळ ओलांडली ते पूर्ण दिसते. कायमचा उपाय म्हणून मात्र ती वापरू नये. दिलीच तर दोन्ही इंजिनांना सारखी द्यावी आणि निकालासोबत तसे लिहावे.

दोन संगणक दोन मित्र हाताने चालवत असतील, म्हणजे एकाच्या पडद्यावरची चाल पाहून दुसरा आपल्या यंत्रात घालत असेल, तर मिलिसेकंदांचा प्रश्नच उरत नाही. तेथे प्रत्येक चालीमागे दोन-तीन सेकंद हाताळणीतच जातात, म्हणून वाढीव वेळ निदान दहा सेकंद आणि राखीव वेळ तीन सेकंद ठेवावा.

स्वतःचे इंजिन लिहिणाऱ्यांसाठी

नव्या इंजिनांत सर्वांत जास्त आढळणारी चूक वेळेच्या हिशेबाची नसून लिहिण्याची असते. प्रोग्रामने छापलेला मजकूर लगेच बाहेर जात नाही. तो आधी बफरमध्ये साठतो. ‘बेस्टमूव्ह’ छापल्यावर बफर रिकामा करण्याची, म्हणजे फ्लश करण्याची सूचना दिली नाही, तर चाल इंजिनाच्या आतच पडून राहते आणि पंच वाट पाहत राहतो. टर्मिनलमध्ये हाताने चालवून पाहताना हेच इंजिन निर्दोष दिसते, कारण तेथे ओळ संपताच मजकूर बाहेर पडतो. सी, सी प्लस प्लस आणि पायथन, तिन्हींत ही काळजी घ्यावी लागते.

वेळ मोजण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळासारखे, तारीख-वेळ सांगणारे घड्याळ वापरू नये. इंटरनेटवरून वेळ जुळवली जाते तेव्हा ते मागे-पुढे उडी मारते. केवळ पुढेच सरकणारे, स्टेडी किंवा मोनोटॉनिक नावाचे घड्याळ वापरावे. शोध सुरू असताना ‘स्टॉप’ ही आज्ञा ऐकू यावी यासाठी वाचन वेगळ्या थ्रेडवर ठेवावे. आणि दोन मर्यादा वेगळ्या ठेवाव्यात : एक मऊ मर्यादा, जी ओलांडली की नवी खोली (आणखी एक चाल पुढे पाहणारी शोधाची पातळी) सुरू करायची नाही, आणि एक कठोर मर्यादा, जी गाठताच हातातले काम टाकून मागच्या पूर्ण झालेल्या खोलीची चाल पाठवायची. कठोर मर्यादा उरलेल्या वेळातून राखीव वेळ वजा करून काढावी आणि ती शून्याखाली गेली तरी इंजिनाने एखादी कायदेशीर चाल पाठवलीच पाहिजे. त्यासाठी पहिल्या खोलीची चाल हाती येईपर्यंत शोध तोडू नये.

झालेल्या डावांचे काय करावे

सामना संपल्यावर घड्याळाने गेलेले डाव आढळले, तर ते वगळून बाकीच्यांचा निकाल लावण्याचा मोह होतो. तसे करू नये. लांब डावच गळाले असतील तर उरलेला संच एकांगी झालेला असतो. गेलेल्या डावाला ‘हा जिंकलाच असता’ म्हणून आपल्या मनाने गुण देणे तर त्याहून वाईट. दोष यंत्राचा असेल तर तो दूर करून संपूर्ण सामना पुन्हा खेळवावा. दोष इंजिनाचाच असल्याचे स्वतःशी खेळवण्याच्या चाचणीने सिद्ध झाले असेल, तर ते पराभव त्याचेच आहेत आणि मोजलेच पाहिजेत.

मी तो मे महिन्याचा सामना पुन्हा खेळवला : तीन डाव एका वेळी, १०+०.१, ३२ एमबी हॅश, राखीव वेळ २० मिलिसेकंद, सुरुवाती जोडीने. निकालासोबत यंत्राचा प्रकार, खऱ्या कोअरची संख्या, वेळमर्यादा, राखीव वेळ, पंचाची सवलत आणि घड्याळाने गेलेल्या डावांची संख्या, एवढ्या सहा गोष्टी लिहिल्या. शेवटच्या रकान्यात या वेळी शून्य होते.